ॲलिस बॉल यांचं नाव कोणी पुसलं?

चौलमुगरा या झाडाच्या बियांचं तेल भारतात कुष्ठरोगावर पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. त्याच कुळातला कडू कवठ आपल्या सह्याद्रीतही वाढतो. पण हे तेल रुग्णाला सोसवत नसे. पोटात घेतलं की मळमळ, उलट्या. टोचलं तर ते इतकं दाट की कातडीखाली साचून गाठी येत.

हा पेच सोडवला २३ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणीनं. सिएटलच्या ॲलिस बॉल यांनी १९१५ मध्ये कॉलेज ऑफ हवाईतून (आजचं हवाई विद्यापीठ) रसायनशास्त्रात एमएस्सी केलं. ही पदवी मिळवणाऱ्या तिथल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय. कावा या वनस्पतीच्या मुळांवरचं त्यांचं काम पाहून कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या कालिही रुग्णालयाच्या डॉ. हॅरी हॉलमन यांनी त्यांना या तेलाकडे वळवलं.

तेलाच्या एका रेणूत तीन लांबलचक मेदाम्लं (फॅटी ॲसिड) ग्लिसरॉल नावाच्या एकाच कण्याला बांधलेली असतात. बॉल यांनी ती सोडवली आणि प्रत्येकाला अल्कोहोलचा छोटा तुकडा जोडून इथाइल एस्टर तयार केलं. औषधी मेदाम्ल तेच राहिलं, पण द्रव पातळ झाला, सुईतून सहज जाऊ लागला आणि शरीरात शोषलाही जाऊ लागला. वर्गात एस्टर शिकवताना हे उदाहरण आवर्जून द्यावं, इतकं ते नेमकं आहे.

निष्कर्ष प्रसिद्ध करण्याआधीच, ३१ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी त्या गेल्या. कॉलेजमधले रसायनज्ञ आर्थर डीन यांनी काम पुढे नेलं आणि शोधनिबंध छापले, पण त्यांत बॉल यांचा उल्लेखही केला नाही. पद्धतीला डीन यांचंच नाव पडलं. मला ही निव्वळ विसरभोळेपणाची गोष्ट वाटत नाही. डीन त्या वेळी त्याच संस्थेचे अध्यक्ष होते. बॉल यांची बाजू मांडायला त्या स्वतः नव्हत्या. हॉलमन यांनी मात्र १९२२ च्या लेखात ‘बॉल यांची पद्धत’ असं स्पष्ट लिहिलं. तरीही ते कोणी मनावर घेतलं नाही.

१९४० च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत या इंजेक्शनांवरच भिस्त होती. तोवर शोध कोणाचा, हे कोणी विचारलंही नव्हतं. १९७० च्या दशकापासून कॅथरीन ताकारा आणि स्टॅन्ली अली या अभ्यासकांनी जुनी दप्तरं धुंडाळली, तेव्हा बॉल यांचं काम पुन्हा उजेडात आलं. २००० मध्ये हवाई विद्यापीठानं आवारातल्या चौलमुगऱ्याच्या झाडाजवळ त्यांच्या नावाचा फलक लावला. तो लावायला ८४ वर्षं लागली. हॉलमन यांचा लेख मात्र त्यातली ७८ वर्षं छापील स्वरूपात सगळ्यांसमोर होता.