ओल्या हातांना फोन दाद का देत नाही?

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मणी धरल्यावर घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, पाण्यात बुडवायचं काम सुरू झालं, की अण्णांचे हात दिवसभर ओले असतात. अशात आभाळ भरून आलं तर त्यांचा जीव खालीवर होतो. बुडवणीनंतर लगेच पाऊस आला तर केलेलं काम धुऊन जातं, वर डाऊनी या बुरशीरोगाची भीती वेगळीच. हवामान बघायला खिशातून फोन काढावा, तर ओल्या बोटाखाली भलतंच काहीतरी उघडतं. गेल्या हंगामापासून त्यांनी बोटाचा नाद सोडला. आता ते फोनलाच विचारतात, "आज पाऊस यील का?"

बोट का चालत नाही, ते आधी बघू. काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते आणि तिच्यात थोडा विद्युतभार खेळता ठेवलेला असतो. आपलं शरीर क्षारयुक्त पाण्याने भरलेलं, म्हणजे वाहकच. बोट टेकलं की त्या जागचा भार किंचित बदलतो आणि फोनला जागा कळते. पाण्याचा थेंबही असाच बदल घडवतो. मग बोट कुठलं आणि थेंब कुठला, हे ओळखताना फोन गोंधळतो. हातमोजा घातला तर उलटा प्रकार होतो, बोटाचा परिणाम जाळीपर्यंत पुरेसा पोचतच नाही.

आवाजाला ओल्या-कोरड्याची अडचण नाही, पण तो समजून घेणं फार महाग काम आहे. बोलणं ओळखणाऱ्या यंत्रणा साधारणपणे सेकंदाला १६,००० वेळा आवाजाचं माप घेतात. त्या आकड्यांचे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या अंतराने बारीक तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यात कोणते सूर किती जोरात आहेत ते काढतात आणि त्यावरून अक्षरं, शब्द यांचा अंदाज बांधतात. अण्णांच्या त्या चार शब्दांच्या प्रश्नामागे कोट्यवधी गुणाकार असतात.

एवढे गुणाकार खिशात मावले कसे? १९७१ साली आलेल्या इंटेल ४००४ या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारी सूक्ष्म बटणं, होते. २०२३ च्या अ‍ॅपल ए१७ प्रो या फोनच्या चिपवर १,९०० कोटी आहेत, म्हणजे सुमारे ८२ लाख पट, आणि चिप मात्र साधारण एका चौरस सेंटिमीटरचीच.

इतकं बारीक कोरायचं तर छिन्नीही तशीच लागते, आणि इथे ती छिन्नी म्हणजे प्रकाश. आधी १९३ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश वापरत. सर्वांत बारीक थरांसाठी आता १३.५ नॅनोमीटरचा वापरतात. तो तयार करण्याची रीत वाचली तेव्हा मी थक्क झालो. वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडायचे आणि प्रत्येक थेंब उडता असतानाच लेझरने टिपायचा. त्यातून निघणारा प्रकाश हवा शोषून घेते, म्हणून सगळं निर्वात पोकळीत. काचही शोषते, म्हणून भिंगांच्या जागी आरसे. ही यंत्रं नेदरलँड्सची एएसएमएल कंपनी बनवते.

लहान होण्याचा खरा फायदा १९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडला होता: ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला विद्युतदाबही कमी लागतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षं हे चाललं. मग ट्रान्झिस्टरमधली वीज अडवणाऱ्या-सोडणाऱ्या फाटकाखालचा (गेटखालचा) विद्युतरोधक थर १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे जेमतेम काही अणूंवर आला आणि इलेक्ट्रॉन त्यातून आरपार निसटू लागले. पाटाच्या बांधाला उंदराने बीळ पाडावं, तशी गळती. चिपा तापू लागल्या आणि २००५ च्या सुमारास त्यांचा वेग वाढायचा जवळपास थांबला.

मला या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच वाटतं. वेग मिळेना, पण जागा मिळत होती. ती एकाच कामात तरबेज असलेल्या विद्युतमंडलांना (सर्किटांना) दिली गेली. २०१७ च्या अ‍ॅपल ए११ चिपमधला असा एक कोपरा सेकंदाला ६०,००० कोटी क्रिया करायचा, त्याही मुख्यतः गुणाकार-बेरजा. आवाज, चेहरा, हस्ताक्षर ओळखणं अशाच कोपऱ्यांच्या जोरावर हातातल्या फोनमध्ये आलं. एकेकाळी माणसाला कार्डांना भोकं पाडून यंत्राच्या भाषेत बोलावं लागे. १९६८ साली डग्लस एंगलबार्ट यांनी जाहीर प्रात्यक्षिकात माउस दाखवला, पुढे बोट आलं. दर वेळी माणूस थोडा मोकळा झाला आणि समजून घेण्याचं ओझं यंत्राने उचललं.

आमच्याकडे ते ओझं अजून अर्धंच उचललेलं आहे. "यील का" म्हटलं की अण्णांचा फोन कधी "येईल का" लिहितो, कधी इंग्रजी शब्द शोधतो. चिप त्याला पुरेशी आहे. कमतरता आहे ती ऐकलेल्या बोलीची. ही यंत्रणा ध्वनिमुद्रणांवरून शिकते आणि त्यांत बागेतलं, बाजार समितीतलं बोलणं फार थोडं असतं. केंद्र सरकारच्या भाषिणी उपक्रमात 'भाषादान' म्हणून आपला आवाज देता येतो, ही फार चांगली सोय आहे. मात्र लिहिलेलं वाक्य वाचताना आपण लिहिल्यासारखंच बोलतो. आमच्या बांधावर "येईल का" असं कुणी म्हणत नाही. म्हणून यंदा बुडवणी सुरू झाली की अण्णांना आणि बायकांना विचारून, बागेतलं बोलणं चालू कामातच टिपून ठेवायचं मी ठरवलं आहे. पंपाचा आवाज त्यात येणारच, तो तसाच राहू देईन.