चूक रायडरची की मशीनची? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

२९ सप्टेंबर २०१३. स्पेनमधल्या अ‍ॅरागॉन ट्रॅकवर शर्यतीची सहावी लॅप चालू आहे. होंडाच्या फॅक्टरी संघातले दोघं एकामागोमाग वळणात शिरतात. मागचा वीस वर्षांचा आहे, मोटोजीपीतला, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक मालिकेतला, त्याचा पहिलाच मोसम. त्याला ब्रेक लावायला किंचित उशीर होतो आणि तो पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ घासून बाहेर निघून जातो. पहिल्यांदा पाहताना ध्यानातही येऊ नये इतका हलका स्पर्श. पुढचा रायडर वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडतो आणि गाडी त्याला उचलून फेकते. त्या दिवशी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता.

तुटली होती एक वायर. मागच्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची. ट्रॅक्शन कंट्रोलचं काम दोन चाकांच्या वेगाची तुलना करत राहण्याचं: मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरू लागलं की टायर घसरतोय असं समजून ते इंजिनची ताकद कमी करतं. मागच्या चाकाची खबरच येईनाशी झाली, तेव्हा कॉम्प्युटरला घसरण दिसली नाही आणि रायडरने मागितली तेवढी ताकद सगळी टायरपर्यंत पोहोचली.

चाहत्यांची दोन कायमची भांडणं, ‘अमक्याने तमक्याला ठोकलं ते बरोबर की चूक’ आणि ‘कोणतं इंजिन चांगलं’, त्या वायरपाशी एकत्र येतात. खरं तर ती आधीपासूनच एकमेकांत गुंतलेली होती.

फार मागे जायची गरज नाही. जागतिक मालिका १९४९ पासूनची. साठच्या दशकात कारखान्यांनी हौसेला मोल ठेवलं नाही: २५० सीसीच्या होंडाला सहा सिलिंडर, ५० सीसीच्या सुझुकीला चौदा गिअर. मग नियमांनी सिलिंडर आणि गिअर दोन्हींवर मर्यादा आणली. १९७५ मध्ये ५०० सीसीचं विजेतेपद पहिल्यांदा टू-स्ट्रोककडे, म्हणजे दर फेरीला स्फोट होणाऱ्या इंजिनाकडे, गेलं. होंडाने १९७९ मध्ये लांबट पिस्टनचं, सिलिंडरमागे आठ व्हॉल्व्हचं फोर-स्ट्रोक (दोन फेऱ्यांत एकच स्फोट होणारं इंजिन) उतरवून प्रवाहाविरुद्ध पोहून पाहिलं; सिल्व्हरस्टोनच्या पहिल्याच शर्यतीत दोन्ही गाड्या अर्ध्यात बाहेर पडल्या. त्या काळात रायडरच्या वागण्यापेक्षा रस्त्याच्या कडेच्या भिंतींचाच प्रश्न मोठा होता. आइल ऑफ मॅन बेटावरचं रस्त्यांचं सर्किट १९७६ नंतर मालिकेतून गेलं ते रायडरांनीच तिथे यायचं बंद केलं म्हणून.

आजचा वाद जन्मला तो ऐंशीच्या दशकाअखेरच्या ५०० सीसी गाड्यांवर. वजन एकशेतीस किलोच्या आसपास, ताकद दीडशे अश्वशक्तीच्या वर, आणि ती ताकद येणार एका अरुंद पट्ट्यात, एकदम. वळणातून निघताना मागचा टायर सुटायचा, मग अचानक पकड घ्यायचा आणि रायडर वरच्या बाजूने फेकला जायचा. हाच तो हायसाइड. त्या पिढीतले रायडर मोडलेल्या घोट्यांनी आणि मनगटांनी ओळखले जात. शेजाऱ्याच्या अंगावर जाण्याची हौस त्यांना कमी होती, कारण स्वतःचीच गाडी पुरून उरत होती.

१९९२ मध्ये होंडाने सिलिंडर पेटण्याचा क्रम बदलला. तोवर स्फोट क्रँकच्या (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याच्या) फेरीत सारख्या अंतराने होत. आता चारही सिलिंडर जेमतेम सत्तर अंशांत पेटू लागले आणि उरलेल्या फेरीत काहीच नाही. एका दणक्यानंतर टायरला उसंत मिळायची, तेवढ्यात तो पकड परत मिळवायचा. कर्कश किंकाळीच्या जागी जाडा, घोगरा आवाज आला. याचं नाव ‘बिग बँग’, आणि जुन्या समान अंतराच्या इंजिनाचं ‘स्क्रीमर’. दुसऱ्या कारखान्यांनीही मग तोच कित्ता गिरवला.

इथे एक घोळ निस्तरला पाहिजे. २००४ मध्ये यामाहाने क्रँकपिन (पिस्टन जिथे क्रँकला जोडतात त्या खुंट्या) एकमेकांशी ९० अंशांत ठेवलेलं इंजिन आणलं, होंडा सोडून आलेल्या इटालियन जगज्जेत्याने दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमला त्यावर पहिलीच शर्यत जिंकली, आणि लोक त्यालाही ‘बिग बँग’ म्हणू लागले. ते तसं नाही. त्या इंजिनात सिलिंडर एकत्र पेटत नाहीत. दोन स्फोटांमधलं अंतर फक्त असमान आहे. मुख्य हेतूही वेगळा होता. साध्या चार सिलिंडरी इंजिनात पिस्टन थांबताना आणि सुटताना क्रँकला जे हिसके बसतात ते या मांडणीत एकमेकांना बरेचसे मारतात. त्यामुळे रायडरच्या मनगटाने मागितलेली ताकद आणि टायरला मिळणारी ताकद यांचा मेळ बसतो. आवाजावरून इंजिन ओळखण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, पण या बाबतीत कान फसवतात.

शिवाय ‘बिग बँग’ म्हणजेच प्रगती, हा समजही १९९७ मध्ये मोडला. बिग बँगवर विजेतेपदं मिळवलेला ऑस्ट्रेलियन जगज्जेता मुद्दाम स्क्रीमरकडे परत गेला आणि पंधरापैकी बारा शर्यती जिंकला. काबूत ठेवायला अवघड गाडी त्याला चालत होती. इतरांना ती झेपत नाही, हाच त्याचा फायदा.

२००२ मध्ये ९९० सीसीचे फोर-स्ट्रोक आले, आणि २००७ मध्ये वेग कमी करायचा म्हणून क्षमता ८०० सीसीवर आणली गेली. या निर्णयाबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. छोटं इंजिन म्हणजे वळणात वेग टिकवायलाच हवा. वळणात वेग टिकवायचा तर सगळ्यांची रेषा एकच. त्यात शर्यतीभरासाठी इंधन २१ लिटर, म्हणजे थेंबाथेंबाचा हिशेब कॉम्प्युटरकडे. लॅपचा वेळ कमीच होत गेला आणि ओव्हरटेक आटले. ९९०च्या काळात गाडी आडवी करून, वेगवेगळ्या रेषांनी एकमेकांना मागे टाकता येई. ८००च्या काळात पुढच्याला मागे टाकायचं तर ब्रेकिंगला आत घुसणं एवढाच मार्ग उरला. आणि आत घुसणाऱ्याचा अंदाज चुकला की धडक.

२०१२ मध्ये १००० सीसी आलं, पण ओव्हरटेकची ती सवय राहिली. अ‍ॅरागॉनचा तो वीस वर्षांचा रायडर याच शाळेत तयार झाला. २०१३ च्याच मे महिन्यात, स्पेनमधल्या हेरेझच्या शेवटच्या वळणावर, तो आत घुसला आणि यामाहाच्या आदल्या वर्षीच्या जगज्जेत्याला बाहेर ढकलून दुसरा आला. त्याच आठवड्यात त्या वळणाला त्या जगज्जेत्याचंच नाव दिलं होतं. शिक्षा काही झाली नाही. ‘रेसिंग इन्सिडेंट’, म्हणजे चालायचंच. हा शब्द पंचांना फार सोयीचा आहे.

अ‍ॅरागॉनला ते सोपं नव्हतं. दंडाच्या गुणांची पद्धत त्याच मोसमात आली होती: चार गुण झाले की शेवटून सुरुवात, सात झाले की पिट लेनमधून (ट्रॅकशेजारच्या गल्लीतून), दहा झाले की पुढच्या शर्यतीतून बाद. सिल्व्हरस्टोनला पिवळे झेंडे असताना पडल्याबद्दल त्या रायडरच्या खात्यावर दोन गुण आधीच जमा होते. निकाल लागला तो दोन आठवड्यांनी. रायडरला एक गुण. आणि होंडाचे, कारखान्यांच्या तक्त्यातले, त्या शर्यतीतले २५ गुण कापले. एवढी महत्त्वाची वायर उघड्यावर, सहज धक्का लागेल अशा जागी ठेवणं ही कारखान्याची चूक ठरली.

स्पर्श इतका मामुली की दुसऱ्या कुठल्याही गाडीवर काहीच झालं नसतं, हे एका बाजूचं म्हणणं. म्हणजे दोष वायरचा. दुसरी बाजू म्हणते की मागून येणाऱ्याने अंतर राखायचं असतं, पुढच्या गाडीवर काय कुठे बसवलंय हा त्याचा प्रश्नच नाही. मला दुसरी बाजू पटते. पण निकालातला अर्धा भाग, कारखान्याला जबाबदार धरण्याचा, मला आजही त्या दशकातला सगळ्यात शहाणा वाटतो. रायडर कसा वागला हे ठरवताना त्याच्या खालचं मशीन कसं बांधलंय हे पंचांनी इतक्या उघडपणे विचारात घेतल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. फक्त किंमत चुकीच्या माणसाने चुकवली. कारखान्याचं विजेतेपद गुण जाऊनही होंडाकडेच राहिलं. शर्यत जिंकली होती त्याच वीस वर्षांच्या रायडरने; त्याचे २५ गुण शाबूत राहिले आणि मोसमाअखेर तो हेरेझला ढकललेल्या यामाहाच्या रायडरविरुद्ध ३३४-३३०, म्हणजे चार गुणांनी जगज्जेता झाला. पडलेल्याला त्या दिवसाचा शून्य मिळाला.

दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, मलेशियातल्या सेपांगला काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. वेल्कम जिंकणाऱ्या त्या इटालियन रायडरने अ‍ॅरागॉनच्या त्या स्पॅनिश रायडरला वळणात बाहेर नेलं, स्पॅनिश रायडर पडला, इटालियनला तीन गुणांचा दंड झाला, आधीच्या मिसानोच्या शर्यतीतला एक धरून चार, आणि व्हॅलेन्सियाला शेवटून सुरुवात. तो चौथा आला आणि विजेतेपद पाच गुणांनी गेलं. लाथ मारली की नाही यावर लोक अजून भांडतात. आपल्या रायडरच्या पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर बाहेरून आघात झाल्याचं टेलिमेट्रीत (गाडीवरच्या सेन्सरांच्या नोंदीत) दिसतं, असं होंडाने सांगितलं होतं. म्हणजे तिथेही साक्षीला शेवटी सेन्सरच उभा राहिला. २०१६ मध्ये असे निकाल देणाऱ्या पंचांचं वेगळं मंडळ आलं, पुढे गुणपद्धत गुंडाळली गेली आणि २०१९ पासून लाँग लॅप, म्हणजे मुद्दाम लांबचा वळसा घ्यायला लावणारी शिक्षा, आली.

त्याच सुमारास तंत्रज्ञानाने पुढचं वळण घेतलं. २०१६ पासून सर्वांना एकच सॉफ्टवेअर, त्यामुळे कारखाने हवेकडे वळले. गाडीला जमिनीवर दाबणाऱ्या पंखांवर २०१७ साठी बंदी आली, तर ते फेअरिंगच्या (गाडीच्या बाहेरच्या कवचाच्या) पोटात शिरून परतले. मग गाडी खाली बसवणारी यंत्रणा आली. आता पुढच्या गाडीमागे हवा इतकी घुसळते की मागच्याचा पुढचा टायर तापतो, त्यातला दाब वाढतो, आणि ब्रेकिंगला विश्वास राहत नाही. उलट, एकट्याने पुढे पळणाऱ्याचा टायर थंड पडून दाब घटतो, आणि २०२४ पासून १.८ बारच्या खाली ठरलेल्यापेक्षा जास्त लॅप्स काढल्या तर मुख्य शर्यतीत १६ सेकंदांचा दंड आहे. २०२७ मध्ये ८५० सीसी येईल, गाडी खाली बसवणारी यंत्रणा जाईल, पंख आखूड होतील.

२०२५ च्या मोसमाची पहिली शर्यत थायलंडमधल्या बुरिरामला झाली. अ‍ॅरागॉनचा तो वीस वर्षांचा रायडर तेव्हा बत्तीस वर्षांचा, डुकाटीवर, आरामात पुढे. सातव्या लॅपला त्याने वेग कमी केला, धाकट्या भावाला पुढे जाऊ दिलं आणि बराच वेळ त्याच्या मागेच राहिला. टायर गरम होऊन दाब वर यावा म्हणून. शेवटच्या तीन लॅप्स उरल्या, तेव्हा भावाला मागे टाकून त्याने शर्यत जिंकली.