आयोनाचा नन्सचा मठ : छप्पर न घातलेल्या भिंती

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, मल बेटाच्या टोकाशी असलेल्या आयोनावर इ.स. १२०० च्या सुमारास दोन मठ उभे राहिले. एक पुरुषांचा, म्हणजे आजची प्रसिद्ध ॲबी. दुसरा बायकांचा, धक्क्याजवळच्या गावाला लागूनच. दोन्हींचा आश्रयदाता एकच सरदार, आणि नन्सच्या मठाची पहिली प्रमुख त्याची बहीण. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर मठ ओस पडत गेला. १५७४ मध्ये त्याच्या जमिनीही एका स्थानिक घराण्याकडे गेल्या.

अवशेषांच्या नोंदीची सुरुवात शेणापासून होते. १७७२ मध्ये आलेल्या एका प्रवाशाला चर्चमध्ये शेणाचा जाड थर साचलेला दिसला. त्यातला थोडा उपसून घेतला, तेव्हा १५४३ मध्ये वारलेल्या मठप्रमुखेची समाधिशिला वर आली. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या पाहुण्याने गावकरी इथे गुरं बांधतात, चिखलामुळे काही तपासता येत नाही, एवढंच लिहिलं. पुढे छताची कमान कोसळून ती शिळा फुटली. लाडक्या कुत्र्यांसह कोरलेली मठप्रमुख वरच्या अर्ध्या भागात आजही दिसते; खाली बाळासह मेरी होती, हे जुन्या रेखाटनांमुळे कळतं. शेण उपसण्याचे कष्ट कुणी घेतले नसते तर?

खरा वाद पुढचा आहे. १८९९ मध्ये जमीनमालकाने हे अवशेष एका विश्वस्त मंडळाकडे सोपवले. ॲबीचं चर्च १९१० पर्यंत पुन्हा उभं राहिलं, बाकीच्या इमारती १९३८ ते १९६५ या काळात. नन्सच्या मठाला मात्र छप्पर मिळालं नाही. १९२० च्या दशकात भिंती पक्क्या केल्या आणि मधल्या चौकात बाग लावली, बस्स. बायकांच्या वाट्याला बाग आणि पुरुषांच्या वाट्याला छप्पर, असा आक्षेप यावर घेता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. तरी नोंद करणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर फायदा या मठाचाच झाला. ॲबीत जुना दगड कुठला आणि नवा कुठला, हे आधी वेगळं करावं लागतं. इथे तेराव्या शतकातली कमानींची रांग उघड्यावर आहे, तिच्यावर विसाव्या शतकाने नवी इमारत चढवलेली नाही. बागेबद्दल मात्र तक्रार राहतेच. सुंदर आहे, पण नन्सचा चौक असा दिसत नसणार.

त्याच डागडुजीत एका दगडाखाली चांदीचे चमचे आणि सोन्याची पट्टी सापडली. सविस्तर मोजमापांसह सरकारी नोंद १९८२ मध्ये छापली गेली. १९९२ मध्ये शेजारच्या छोट्या गावचर्चच्या खाली उत्खनन झालं, तेव्हा त्याहून जुन्या चर्चचा पाया आणि बायकांचं दफनस्थान हाती लागलं.