कोलेस्टेरॉल की दाह? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘कोलेस्टेरॉलला उगाच बदनाम केलं, हृदयविकाराचं खरं कारण दाह आहे,’ असं हल्ली ठामपणे सांगितलं जातं. (दाह म्हणजे इजा किंवा संसर्ग झाल्यावर शरीराची संरक्षण यंत्रणा उठवते ती सूज, इंग्रजीत इन्फ्लमेशन.) हा दावा ऐकून कोलेस्टेरॉल कमी करणारी चालू गोळी परस्पर बंद करणारेही आहेत, म्हणून हे लिहावंसं वाटलं. हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे.

कोलेस्टेरॉल पहिल्यांदा सापडलं ते पित्ताशयातल्या खड्यांमध्ये, अठराव्या शतकात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८१५ च्या सुमारास त्याला नाव दिलं, तेही पित्त आणि घन या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून. हृदयाशी त्याचा संबंध तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पुढे १८५० च्या दशकात जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्चो यांनी कडक झालेल्या धमन्या तपासल्या आणि हा धमनीच्या भिंतीचा दाह आहे, असं मत मांडलं. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते रक्तातले घटक भिंतीवर आधी साचतात आणि दाह मागाहून येतो. आधी साठा की आधी दाह, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

यानंतरचा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह आणि त्यांचे सहकारी खालातोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या धमन्यांत माणसासारखेच थर तयार झाले. नुसतं तेल खाणाऱ्या सशांना काही झालं नाही. उंदीर आणि कुत्र्यांवर मात्र असा परिणाम दिसेना, कारण ते जादा कोलेस्टेरॉलचं सहज पित्ताम्लांत रूपांतर करतात. त्यामुळे हे काम बरीच वर्षं मागे पडलं. पण अनिच्कोव्ह यांना सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट दिसली होती: त्या थरांत चरबीने फुगलेल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे दाहाची खूण, होत्या. साठा आणि दाह, दोन्ही एकाच काचपट्टीवर!

मधली दशकं कोलेस्टेरॉलची. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांच्या हृदयविकाराचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास १९४८ मध्ये सुरू झाला. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी पेशी रक्तातलं एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणून ओळखले जाणारे कण) कसं उचलतात ते उलगडलं आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. जपानच्या अकिरा एन्डो यांना हजारो बुरशा तपासल्यावर पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, सापडलं. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत स्टॅटिनमुळे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. तोवर ज्यांना शंका होती, त्यांतल्या बहुतेकांची ती इथे फिटली.

दाहाचा धागा दुसरीकडून परत आला. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात १९३० साली सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, सापडलं होतं. शरीरात दाह असला की ते रक्तात वाढतं. ते वाढलेलं असेल तर निरोगी दिसणाऱ्या पुरुषांनाही पुढे हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका जास्त असतो, हे पॉल रिडकर यांनी १९९७ मध्ये दाखवलं. दोनच वर्षांनी रसेल रॉस यांनी धमनीकाठिण्य हा दाहाचाच रोग आहे, अशी मांडणी केली. आज चित्र साधारण असं आहे: एलडीएल भिंतीत शिरून अडकतं, त्यात रासायनिक बदल होतात, ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात, फुगतात, आणखी पेशींना बोलावतात. या धुमश्चक्रीत थरावरचं आवरण पातळ होऊन फाटलं की रक्ताची गुठळी होते.

नुसता दाह कमी करून झटके टळतात का, याचं उत्तर २०१७ मध्ये मिळालं. कॅन्टोस चाचणीत झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे दाह कमी करणारं औषध वापरून पाहिलं. मधल्या मात्रेने एलडीएल तेवढंच राहिलं, तरी झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले. पुढे मेथोट्रेक्सेट या दाह कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाचा उपयोग झाला नाही. गाउटवरचं जुनं औषध कोल्चिसिन दोन मोठ्या चाचण्यांत उपयोगी ठरलं, तर २०२४ च्या तिसऱ्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही.

‘खरं कारण दाह’ म्हणणारे कॅन्टोसचा दाखला हमखास देतात. त्या चाचणीतले बहुतेक सगळे रुग्ण आधीपासून कोलेस्टेरॉलची गोळी घेत होते, आणि चाचणीभर ती चालूच होती.