अस्थिमज्जेची फ्लो सायटोमेट्री (लिम्फोमा)

लिम्फोमाच्या (लसीका पेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशींवर कोणती प्रथिने आहेत हे रंगीत प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) आणि लेसर यांच्या साहाय्याने पाहण्याची तपासणी. आजार मज्जेपर्यंत पोचला आहे का, तो कोणत्या प्रकारचा आहे आणि उपचारांनंतर किती उरला आहे, हे जाणून घेण्यासाठी ती करतात. मज्जेत आजार सापडला, तर ॲन आर्बर या टप्पे ठरवण्याच्या पद्धतीनुसार तो चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्याचा धरतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. तिथल्या नातेवाइकांच्या तोंडी या तपासणीचे नाव नुसते ‘फ्लो’ असते.

नमुना : रुग्णाला कुशीवर किंवा पालथे झोपवून कमरेच्या हाडाची मागची कड बधिर करतात आणि सुई आत घालतात. बधिर केल्यावरही मज्जा ओढताना क्षणभर जोराची कळ येते. रुग्णाला तसे आधीच सांगितलेले बरे. सिरिंज जास्त ओढली की मज्जेत रक्त मिसळते आणि थोड्या असलेल्या रोगट पेशी आणखी विरळ होतात. म्हणून सुरुवातीची मज्जाच स्लाइडसाठी आणि फ्लोसाठी राखून ठेवावी. ती जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत किंवा हेपरिनच्या नळीत जाते (ही दोन्ही द्रव्ये रक्त गोठू देत नाहीत). बायोप्सीचा हाडाचा तुकडा मात्र फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रवात जातो. या दोन्हींत गफलत होता कामा नये, कारण फॉर्मेलिनमध्ये पडलेल्या पेशी फ्लोच्या कामाच्या राहत नाहीत. नमुना शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचावा. बाहेरगावाहून मुंबईला पाठवलेली नळी मे महिन्याच्या उन्हात गाडीत पडून राहिली, तर पेशी मरतात. ती गोठवली तरी तोच परिणाम होतो.

कार्य : पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात. समोर विखुरलेल्या प्रकाशावरून आकार, बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून आतला कणीदारपणा आणि रंगांवरून पृष्ठभागावरची प्रथिने कळतात. प्रत्येक परिपक्व बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या वंशातली पांढरी पेशी) आपल्या प्रतिपिंडाच्या कॅपा किंवा लॅम्डा या दोन हलक्या साखळ्यांपैकी एकच बाळगते. निरोगी मज्जेत दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, कॅपा थोड्या जास्त. पेशींवरच्या प्रथिनांना सीडी आणि क्रमांक अशी नावे आहेत; सीडी १९ ही बी पेशींची खूण. पडद्यावर सीडी १९ असलेल्या ठिपक्यांचा थवा जवळजवळ सगळाच एका साखळीच्या बाजूला गेलेला दिसला, तर त्या पेशी एकाच मूळ पेशीची संतती, म्हणजे रोगट असल्याचा दाट संशय येतो. पुढे प्रकार ओळखण्यासाठी इतर खुणा पाहतात : सीडी ५ आणि सीडी २३ दोन्ही आहेत, सीडी २० फिके आहे, तर दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया किंवा त्याचा लिम्फोमा-रूपातील भाऊ, सीडी ५ आहे पण सीडी २३ आणि सीडी २०० नाहीत, तर मँटल सेल लिम्फोमाचा विचार, सीडी १० असल्यास फॉलिक्युलर लिम्फोमाचा.

मर्यादा : फ्लोमध्ये काही सापडले नाही म्हणून मज्जा स्वच्छ आहे असे कधीही मानू नये. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या पेशी हाडाच्या पट्ट्यांना चिकटून असतात आणि सुईने ओढून सहज येत नाहीत; त्या बायोप्सीतच दिसतात. मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमात पेशी नाजूक असल्याने प्रक्रियेतच फुटतात. हॉजकिन लिम्फोमात रोगट पेशी इतक्या मोजक्या असतात की नेहमीच्या फ्लोचा उपयोग होत नाही. तिथे पेट-सीटी (सर्व शरीरातला आजार दाखवणारे स्कॅन) केल्यावर मज्जेची बायोप्सीही बहुधा लागत नाही. याउलट मुलांमध्ये आणि केमोथेरपीनंतर वाढणाऱ्या निरोगी तरुण बी पेशी, म्हणजे हीमॅटोगोन, सीडी १० मुळे अननुभवी नजरेला रोगट वाटू शकतात. त्यामुळे फ्लो, स्लाइड आणि बायोप्सी हे तिन्ही अहवाल समोर ठेवूनच निदान करावे.

उपचारांनंतर : रिटुक्सिमॅब हे सीडी २० वर मारा करणारे औषध घेतलेल्या रुग्णात सीडी २० दिसेनासे होऊ शकते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराचे (रुग्णाच्याच टी पेशी बदलून त्यांना रोगट पेशींवर सोडण्याच्या उपचाराचे) लक्ष्य सीडी १९ आहे. त्यानंतर परतलेल्या आजारात नेमकी तीच खूण हरवलेली असू शकते. अशा वेळी बी पेशी शोधण्यासाठी सीडी २२ किंवा सीडी ७९ए यांचा आधार घ्यावा लागतो. हे प्रयोगशाळेला कळावे म्हणून तपासणीच्या अर्जावर आधीच्या सर्व औषधांची नावे आणि तारखा लिहिणे आवश्यक असते. तो रकाना कोरा सोडू नये.