नम्रतेचे माप कोणी घ्यायचे? पुण्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की नम्रतेवर उपदेश होतोच. नीतिसूत्रे, याकोबाचे पत्र, फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय हे उतारे ठरलेले असतात. सत्याकडे जाणारी पहिली, दुसरी आणि तिसरी वाटही नम्रताच, असे संत ऑगस्टीनने एका तरुण अभ्यासकाला लिहिले होते. सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या नियमावलीने तिच्या बारा पायऱ्या सांगितल्या. हा सगळा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. आपल्याकडे मात्र, नीळकंठशास्त्री गोरे आणि पंडिता रमाबाई यांच्या निमित्ताने, प्रश्न वेगळ्या बाजूने उभा राहिला. जो आधीच शास्त्री आहे, त्याने ख्रिस्ती झाल्यावर आपली बुद्धी कुठे ठेवायची?

नीळकंठशास्त्री गोरे काशीत मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाले आणि 1848 साली त्यांनीच बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांचा पुण्याशीही संबंध आला. पांडित्य मोठे, राहणी फकिराची, आणि शंका आयुष्यभर पाठीशी. ज्या संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून राहिले, त्याची अखेरची व्रते त्यांनी घेतलीच नाहीत. त्यांच्या लेखनाने पंडिता रमाबाईंच्या अनेक शंका फिटल्या आणि 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

खरा वाद इथून सुरू होतो. वाँटेजच्या ज्या धर्मभगिनीला, सिस्टर जेराल्डीनला, रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत, तिच्याशीच त्यांचे खटके उडू लागले. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धान्तावर आणि तो मांडणाऱ्या जुन्या अथानासियन मतांगीकारावर रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपली संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. त्या इंग्लंडमध्येच चेल्टनहॅमला असताना तरुण पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना याचे नवल वाटले. त्यांच्या आईने आणि त्यांनी स्वतः पुरुषांना शिकवले होते, आणि त्याला ना वडिलांनी आडकाठी केली, ना नवऱ्याने. धर्मभगिनी आणि तिच्या बाजूच्या मंडळींकडून उत्तर आले ते मुख्यतः गर्वाच्या आरोपाचे: पोरीने नम्रता सोडली, तिला आज्ञापालन ठाऊक नाही. रमाबाईंनी कळवले की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही. सदसद्विवेक देवाने दिला आहे, तो कोणाच्या हवाली करायचा नाही.

हा पत्रव्यवहार 1977 साली मुंबईत छापला गेला. तो वाचताना माझे मन रमाबाईंकडे झुकते आणि ते मी लपवत नाही. त्या बंडखोर होत्या असे म्हणून विषय संपवणाऱ्यांनी ही पत्रे पुन्हा वाचावीत. ठाऊक नसलेले ठाऊक आहे म्हणून सही करायला नकार देणे, यात गर्व कुठे आहे? दुसरी बाजूही मोठी आहे आणि ती त्यांनी स्वतःच मांडली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत लिहिले. इंग्लंडमधल्या कोणी दटावून हे वदवून घेतलेले नव्हते. दटावणीने ते झालेही नसते.

मग रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्याला आली, तिथल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो म्हणून 1893 ला गदारोळ झाला, दुष्काळ आणि प्लेग आले, केडगाव वसले. केडगावात ‘सरस्वती’ ही पदवी मिळालेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे पवित्र शास्त्र खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत आणायला घेतले. छपाईचे खिळे जुळवायला त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्याच बाया होत्या. 1922 साली रमाबाई गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये निघाला. भाषांतर मूळ शब्दाला फार चिकटून आहे, मंडळ्यांत ते रूढ झाले नाही. तरी इतक्या विद्वान बाईने वीसएक वर्षे सोपे लिहिण्यासाठी खर्चावीत, याहून मोठा उपदेश मला ठाऊक नाही.

पण मराठी ख्रिस्ती समाज बहुतांशी शास्त्र्यांच्या घरातून आलेला नाही. नगरकडून आलेली घराणी गावकुसाबाहेरची होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाकायलाच लावले, त्यांना परत ‘वाका’ म्हणणे ही नम्रतेची शिकवण नव्हे. मिशनच्या बंगल्यावर हात जोडून उभे राहण्यालाच कित्येक वर्षे नम्रता समजले गेले. तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलेल्या आपल्या कवीने, नारायण वामन टिळकांनी, 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, त्यात या मालक-चाकर नात्याचाही वाटा होता.

नंतरचा काळ पुण्यात गजबजलेला आहे. 1920 च्या दशकात शिवाजीनगरला ख्रिस्ती आश्रम उभा राहिला, तिथे युरोपीय पाहुणे खादी नेसून जमिनीवर जेवायला बसत. 1955 साली श्रीलंकेतल्या कँडीचे कॅथलिक धर्मविद्यालय रामवाडीला आले. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मराठीत मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, सुरू झाली. 1970 ला उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या. 1983 ला यवतमाळचे बायबल विद्यालयही पुण्यात आले. रामवाडीत आज धर्मभगिनी पुरुषांच्या बरोबरीने ईशज्ञान शिकतात आणि शिकवतातही. एकत्र झालेल्या मंडळीने पुढे स्त्रियांना पाळकदीक्षा दिली. काही स्वतंत्र मंडळ्यांत मात्र बाईने व्यासपीठावरून पुरुषांना शिकवावे का, हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि विचारणाऱ्या बाईला पुन्हा नम्रतेचाच दाखला दिला जातो.