छाटणी आणि ‘कलिंग’: एका शब्दाने अडवलेला निर्णय

दोनदा उलटलेली, म्हणजे रेतन होऊनही गाभण न राहता पुन्हा माजावर आलेली मादी ठेवायची की काढायची, यावर पुण्याच्या आसपासच्या वराहपालकांचं एकमत होत नाही. त्यामागे हिशेब आहे, तसा ‘कलिंग’ (culling, कळपातली जनावरं काढून टाकणं) हा एक शब्दही आहे.

गावठी डुकरीण मोकळी हिंडायची, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. खाद्याला पैसा जात नव्हता, त्यामुळे भाकड मादी कुणाला जड नव्हती. लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँडरेस या विलायती जाती बंदिस्त शेडमध्ये आल्या आणि दिवसाला किंमत आली. तरी हॉटेलं, मेस यांचं उरलेलं अन्न मिळत होतं तोवर हिशेब ढिलाच राहिला.

‘कलिंग’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो कोंबड्यांमुळे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. ती साथ माणसाकडून माणसाला पसरत होती, पण नाव डुकराला चिकटलं. मग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग आला. बाधित जागेपासून १ किलोमीटरच्या आतली डुकरं सरसकट नष्ट करायची, त्यालाही कलिंगच म्हणायचं. आता कुणी चार माद्या कलिंगला काढल्या म्हटलं, की शेजारी आधी विचारतो, ‘रोग आला का?’ या धास्तीने नको त्या माद्या शेडमध्ये राहतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

छाटणी म्हणजे निरोगी पण न परवडणारी मादी विकणं. गाभणकाळ ११४ दिवसांचा. २८ दिवसांनी दूध तोडलं आणि पाचव्या दिवशी मादी माजावर येऊन फळली, तर चक्र १४७ दिवसांचं, म्हणजे वर्षाला जवळपास अडीच वेतं. दूध ५६ दिवसांवर तोडलं तर जेमतेम दोन. कप्प्यावर टांगलेल्या पुठ्ठ्यावर रेतनाची तारीख खोडून २१ दिवसांनी दुसरी लिहिलेली असते, तीही खोडून तिसरी. त्या दोन खाडाखोडींत ४२ दिवस गेले. रोज अडीच किलोने धरलं तर १०५ किलो खाद्य, आणि पोटात काही नाही.

माझ्या मते खरी चूक पहिलारूच्या, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या मादीच्या बाबतीत होते. दूध पाजून ती खंगते, दुसऱ्या वेतात पिल्लं कमी देते, आणि मालक तेवढ्यावर तिला विकतो. पिल्लांच्या संख्येत तिसरं ते पाचवं वेत सहसा सर्वांत चांगलं असतं; ते हाती येण्याआधीच ती गेलेली असते. दूध पाजताना तिला पोटभर खाद्य मिळालं होतं का, हे आधी पाहायला हवं.

२०२१ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या योजनेत १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाखांचं अनुदान आलं. माद्या आणणं सोपं झालं. पण बाहेरून आणलेल्या मादीबरोबर आफ्रिकन स्वाइन फीव्हर शेडमध्ये शिरू शकतो, म्हणून जाणते पालक घरचीच पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण मादी, तयार करतात. ती पहिल्यांदा भरवेपर्यंत सात-आठ महिने जातात, आणि तेवढे दिवस जुनीला धरून राहावं लागतं.